विंचचा कंट्रोल बॉक्स बदलताना

पावसाळ्यात सौंसरच्या काळ्या मातीत, संत्र्याच्या बागेकडे जाताना जीप रुतली की विंचच कामी येते. तिचा कंट्रोल बॉक्स बदलायचा तर आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. मोटरच्या एफ-१, एफ-२ आणि ए या केबलींना चिठ्ठ्या लावा, मगच सोडवा. नवा बॉक्स जोडल्यावर हूक मोकळा ठेवून बटण दाबा. दोर उलटा फिरला तर एफ-१, एफ-२ अदलाबदल करा.

पूर्ण ओढीला करंट ४०० अँपिअरच्या आसपास जातो. बॅटरी उतरलेली असली तर बॉक्समधले कॉन्टॅक्ट चिकटतात; बटण सोडूनही दोर ओढतच राहतो. जवळ कोणाचा हात असला तर? म्हणून इंजिन चालू ठेवा आणि पॉझिटिव्ह केबलवर, हाताशी येईल असा, तेवढा करंट सोसणारा कट-ऑफ स्विच बसवाच.