भर कुणाची, वसुली कुणाची?

नारायणगाव परिसरातील द्राक्षबागायतदार खुंटावर कलम भरतो, तेव्हा ती काडी बहुधा दुसऱ्याच्या बागेतून आलेली असते. थॉमसन सीडलेस हा परदेशी वाण. त्यातून तासगाव तालुक्यात तास-ए-गणेश निघाला, तर सोलापूरजवळच्या नान्नजला नानासाहेब काळे यांनी सोनाका निवडला. मूळ वेल परक्याची, पण निरीक्षण आणि निवड शेतकऱ्याची. अशा काड्या ओळखीपाळखीतून गावोगाव गेल्या.

संगणकाच्या जगातही हीच रीत दिसते. विकत घेतलेल्या खेळात हौशी कारागीर नवे प्रदेश, नवी पात्रे, चुकांच्या दुरुस्त्या यांची भर घालतात. या भरीला मॉड म्हणतात आणि ती वर्षानुवर्षे विनामूल्य दिली जात होती. २३ एप्रिल २०१५ रोजी व्हॉल्व्ह व बेथेस्डा या अमेरिकन कंपन्यांनी ‘स्कायरिम’ या खेळाचे मॉड विकण्याची मुभा दिली. वाटणी अशी: कर्त्याला २५ टक्के, व्हॉल्व्हला ३० आणि बेथेस्डाला ४५. निषेधाच्या अर्जावर लाखाहून अधिक सह्या झाल्या आणि २७ एप्रिलला योजना मागे घ्यावी लागली.

हा लोकांचा विजय म्हणून मिरवण्यापूर्वी थोडे थांबले पाहिजे. सह्या करणाऱ्यांत फुकटाची सवय मोडू नये एवढीच चिंता असणारेही होते. रात्री जागून भर घालणाऱ्याच्या पोटाचे काय, हा प्रश्न त्यांना पडला नाही. श्रमाचे मोल मागणाऱ्या चळवळीला ही भूमिका घेता येणार नाही. परंतु एकाची भर दुसऱ्याच्या भरीवर उभी असते, हेही तितकेच खरे. विक्री सुरू होताच एका मॉडमध्ये दुसऱ्याने विनामूल्य दिलेला भाग वापरल्याचा वाद उठला आणि ते मॉड मागे घेतले गेले. म्हणजे फुकट की विकत, हा खरा वाद नव्हेच. सामायिक श्रमाच्या वाटेवर नाका कोण उभारतो आणि जकातीचा दर कोण ठरवतो, हा खरा प्रश्न आहे.

आंबेगाव तालुक्याला हा प्रश्न परका नाही. सातगाव पठारावर बटाटा पिकतो आणि वेफर कंपन्यांशी करारही होतात. २०१९ साली गुजरातेत पेप्सिको कंपनीने आपल्या नोंदणीकृत वाणाचा बटाटा लावल्याबद्दल शेतकऱ्यांवर प्रत्येकी एक कोटीहून अधिक रुपयांचे दावे लावले. देशभर ओरड झाल्यावर त्याच वर्षी ते मागे घेतले गेले. नाका एकदा उभा राहिला की शिवारातही वसुली सुरू होते, हा त्याचा धडा.

उत्तराची दिशा आपल्याच कायद्यात आहे. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा २००१ चा आहे. त्याने शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, देवघेवीचा आणि मुद्रांकित नाव न लावता विकण्याचा हक्क दिला. त्याच्या वाणाच्या आधारे धंदा करणाऱ्याने लाभाचा वाटा राष्ट्रीय जनुक निधीत भरावा, अशी तरतूदही केली. कारागिरांत देवघेव मोकळी राहावी आणि नफा कमावणाऱ्याने मोल द्यावे, हे ते तत्त्व. मात्र कागदावरचा हक्क आपोआप पदरात पडत नाही. जुन्नर-आंबेगावच्या कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांनी निवडलेल्या वाणांच्या नोंदी करवून घ्याव्यात आणि करारावर अंगठा उठण्यापूर्वी तो गावाच्या बैठकीत वाचून दाखवावा. वाटणीच्या बैठकीत ज्याला जागा नाही, त्याच्या वाट्याला पंचवीस टक्केही मेहेरबानी म्हणूनच येतात.