दिवा माझा, डोळे दुसऱ्याचे

गळीत हंगामात रात्री एखाद्या दुपदरी रस्त्याने जाणाऱ्यास एक अनुभव हटकून येतो. समोरच्या मोटारीचा प्रखर झोत डोळ्यांवर आदळतो, क्षणभर काहीच दिसत नाही. आणि दृष्टी सावरते तो उसाने लादलेली बैलगाडी पुढ्यात उभी असते. तिला बहुधा मागे दिवा नसतो. ट्रकच्या पाठीवर ‘रात्री डिपर वापरा’ अशी विनंती रंगवून आपण हा प्रश्न आजवर सौजन्यावर सोपविला आहे.

वस्तुतः त्याला तांत्रिक उत्तर आहे. आउडी कंपनीने २०१३ साली ए-८ मोटारीच्या प्रत्येक दिव्यात वरच्या झोतासाठी २५ लहान एलईडी बसविले. काचेमागील कॅमेरा समोरच्या वाहनाचे दिवे हेरतो आणि त्या दिशेचा प्रकाश तेवढा मंद वा बंद केला जातो. बाकीचा रस्ता उजळलेलाच राहतो. (चाकाबरोबर वळणारे दिवे तर सीत्रोएनने १९६७ सालीच आणले होते.) अमेरिकेतील जुन्या नियमांना मात्र ‘वरचा’ आणि ‘खालचा’ असे दोनच झोत ठाऊक. टोयोटाने २०१३ मध्ये केलेल्या विनंतीनंतर परवानगी मिळाली ती फेब्रुवारी २०२२ मध्ये!

तथापि, परवानगीने प्रश्न संपत नाही. प्रखर झोताचा लाभ माझा, इजा समोरच्याची. एकाच्या व्यवहाराचा असा भुर्दंड त्रयस्थावर पडतो, तेव्हा बाजारभावात त्याची नोंद होत नाही, हे पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली मांडले. नव्या दिव्याचे गिऱ्हाईक पैसे मोजते, ते आपला झोत उतरवावा लागू नये म्हणून. दुसऱ्याचे डोळे वाचतात, हा आनुषंगिक लाभ. साहजिकच हा दिवा महागड्या मोटारींत चैनीची वस्तू म्हणून खपतो. रात्रभर धावणाऱ्या बसला आणि मालमोटारीला त्याची खरी गरज. तेथे तो सक्तीवाचून येणार नाही. ही सक्ती नव्या अवजड वाहनांपासून सुरू व्हावी, असे माझे मत आहे.

आणखी एक गोष्ट. हा कॅमेरा मुख्यतः दिवे ओळखतो. समोरून पायी येणारा शेतमजूर किंवा दिव्याविना येणारा गाडीवान त्याच्या हिशेबी नसतो; त्यांच्या डोळ्यांवर पूर्ण झोत पडू शकतो. म्हणून चालकाच्या हाताशी डिपर राहिलाच पाहिजे. बैलगाडीपुरते बोलायचे तर परावर्तक पट्टीला खर्च तो कितीसा? साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर प्रत्येक गाडी थांबतेच. पट्टी तेथेच चिकटविता येईल.