मग निघालं काय त्यातून?

परवा जेवताना मित्राला गॅमा किरणांच्या स्फोटांबद्दल सांगत होतो. पाच मिनिटं ऐकून साहेबांचा प्रश्न, "मग निघालं काय त्यातून?" म्हटलं, "उशीर सापडला नाही." तो खो खो हसला. मला मात्र ते हसणं लागलं.

तर किस्सा असा. १० मे २००९ ला फर्मी या अंतराळ दुर्बिणीने जीआरबी ०९०५१० हा स्फोट टिपला. हा प्रकाश सात अब्जांहून जास्त वर्षं प्रवास करून आलेला. निघाला तेव्हा आपली पृथ्वीसुद्धा नव्हती! त्यात एक फोटॉन होता ३१ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या हजार कोटी पटींहून जास्त ऊर्जेचा. स्फोटाची नोंद सुरू झाल्यावर ०.८३ सेकंदांनी तो पोचला.

आता गंमत बघा. क्वांटम गुरुत्वाकर्षणाच्या काही मॉडेल्सप्रमाणे अवकाश अतिसूक्ष्म पातळीवर खडबडीत असतं आणि जास्त ऊर्जेचा फोटॉन त्यात किंचित रखडतो. प्रयोगशाळेत हे मोजणं अशक्यच. पण रस्ता एवढा लांब असला की उशीर साठत जातो. नेटवर्कवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. फक्त इथे पॅकेटवर निघाल्याची वेळ लिहिलेली नसते. म्हणून संशोधकांनी एवढंच धरलं की हा फोटॉन स्फोट सुरू व्हायच्या आधी निघाला नसणार. म्हणजे उशीर झालाच असेल तर सेकंदाच्या आत. तेवढ्यावर ऊर्जेच्या थेट प्रमाणात उशीर सांगणारी मॉडेल्स मोठ्या अडचणीत आली.

एका फोटॉनवर एवढी मदार? शंका रास्त आहे. पण २०२२ च्या जीआरबी २२१००९ए मधून चीनच्या ल्हासो वेधशाळेला ६० हजारांहून जास्त अतिऊर्जावान फोटॉन मिळाले. त्यातही उशीर नाही. मर्यादा उलट आणखी कडक झाली.

माझ्या मते हे घसघशीत उत्तर आहे. पण "काही सापडलं नाही" हे काम आपण कामात धरतच नाही. आमच्याकडे टेस्टिंगमधल्या एका मुलीने दोन आठवडे खपून लोड टेस्ट केली. सिस्टिम पडली नाही. अप्रेझलला तिला विचारलं, "मग सापडलं काय?" मी तिथेच होतो. गप्प बसलो.

असो. रेटिंग अजून फायनल झालेलं नाही. सोमवारी मॅनेजरशी बोलणार आहे.