नदीकाठचे धुणे

चाकांवरचे घर घेऊन देशाटनाला निघण्याची हौस आता आपल्याकडेही रुजू लागली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हान पर्यटनाचे धोरण आखले. केरळनेही त्याच वर्षी तो मार्ग धरला. हौसेला आमचा विरोध नाही. परंतु हे घर प्रवासात मळते आणि ते कोठे धुवावे, याचा विचार निघताना सहसा कोणी करीत नाही.

नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पैनगंगा ओलांडून तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात शिरतो. किनवट आणि राजुरा हे तालुके पूर्वी याच जिल्ह्यात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते मराठी मुलखाला जोडले गेले, तरी पैनगंगेच्या पलीकडेही मराठी ऐकू येतेच. याच महामार्गावर नेरडीगोंड्याहून आत वळले की कडेम नदीवरचा कुंटाला धबधबा लागतो. धुळीने माखलेल्या गाडीतून इथवर आलेल्या प्रवाशाला वाहते पाणी दिसले की गाडी थेट पात्रात उतरविण्याचा मोह होतो. पाणी फुकटचे आणि विचारणारा कोणी नाही! पण गाडीखालचे वंगण, ब्रेकची भुकटी आणि साबणाचा फेस त्याच पाण्याबरोबर खाली जातो. पावसाळा सरून प्रवाह रोडावला की तो मळ पोटात घेण्याइतके पाणी नदीत उरत नाही. आणि खालच्या अंगाला गुरे पाणी पीत असतात.

याच जिल्ह्यात केसलापूर येथे पौष अमावास्येला गोंडांच्या नागोबाची जत्रा भरते. तत्पूर्वी मेस्राम कुळातील मंडळी अनवाणी चालत गोदावरीवरील हस्तिनमडुगूला जातात आणि देवाच्या अभिषेकापुरते पाणी पायीच घेऊन येतात. एका पात्रभर पाण्यासाठी इतकी पायपीट करणाऱ्यांच्या मुलखात आपण पाहुणे म्हणून जातो, याची जाण प्रवाशाला असू नये काय?

वास्तविक अशी गाडी धुण्यास नदी लागतच नाही. साधी रबरी नळी मिनिटाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज ओतते; अर्धा तास ती सोडून ठेवली तर तीन-साडेचारशे लिटर पाणी जाते. जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी दिवसाला ५५ लिटरांचे प्रमाण ठरविले आहे, म्हणजे सहा ते आठ माणसांचे दिवसाचे पाणी एका गाडीवर संपले! त्याऐवजी गाडी सावलीत उभी करावी, आधी टप, मग बाजू, शेवटी चाके या क्रमाने मऊ फडक्याने पुसावे; साबणाची बादली वेगळी आणि निर्मळ पाण्याची वेगळी. खिडक्यांच्या व टपाच्या सांध्यांवर जोराचा फवारा तर मारूच नये. पाणी आत शिरून लाकूड कुजते. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूत पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यास बंदी घालून पाच हजार रुपये दंड ठेवावा लागला. ती पाळी येईपर्यंत थांबण्यात शहाणपण नव्हे.

आम्हा किनाऱ्यावरच्यांना खाऱ्या हवेमुळे गाडीचा तळ वारंवार धुवावाच लागतो, हे खरे. पण दसऱ्याला झेंडूचा हार घालण्यापूर्वी गाडी जवळच्या व्हाळात उतरविणारे आमच्यातही थोडे नाहीत. तेव्हा आदिलाबादला दोष देण्याचा अधिकार आम्हाला नाही. पर्यटन खात्यांनी मुक्कामाच्या तळांवर नदीपासून दूर फरसबंद धुण्याची जागा आणि तेल अडविणारा खड्डा बांधावा, आणि अशी घरे भाड्याने देणाऱ्यांनी गाडी नदीत न उतरविण्याची अट करारातच घालावी.