सोपो घेता, मग रस्ता कोण राखणार?

शेतकरी आणि मच्छीमार बांधवांनो,

रस्त्याचा नियम म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो पाटी उचलायला लावणारा पालिकेचा माणूस. "इथे बसू नका, इथे भात पसरू नका, इथे जाळी वाळवू नका." नियमाची एवढीच ओळख आपल्याला करून दिलेली आहे. पण नियम इथे संपत नाही. त्याचा अर्धा भाग तुम्हांआम्हांला बांधतो आणि उरलेला अर्धा नगरपालिकेला बांधतो. पहिला अर्धा आपल्याला रोज ऐकवला जातो. दुसरा अर्धा आज आपण मिळून वाचू या.

गोव्याचा नगरपालिका कायदा १९६८ सालचा. रस्ते बांधणे, ते सुस्थितीत राखणे, झाडणे, त्यांवर दिवे लावणे, गटारे व मोऱ्या मोकळ्या ठेवणे आणि रस्त्यावरील अडथळे दूर करणे ही कामे या कायद्याने पालिकेच्या माथी घातलेली आहेत. नीट पाहा, अडथळे दूर करणे हे त्या यादीतले केवळ एक काम आहे. पालिकेला मात्र तेवढेच एक आठवते, आणि तेही पाटी घेऊन बसलेली बाई दिसली की आठवते. दुकानदाराने पुढे काढलेली पायरी आणि फुटपाथवर उतरवलेली बांधकामाची रेती हे अडथळे तिच्या नजरेला सहसा पडत नाहीत.

आता शेतकऱ्याच्या नजरेने रस्ता पाहू. डांबरी रस्त्याचा खरा वैरी चाक नव्हे, पाणी. म्हणून रस्ता मधोमध उंच आणि दोन्ही कडांना उतरता करतात. जोराच्या पावसाच्या प्रदेशात दर मीटरला सुमारे अडीच सेंटिमीटर उतार देण्याची पद्धत आहे. कडेचे गटार त्या पाण्याला वाट देते, आणि जिथे रस्ता व्हाळ ओलांडतो तिथे खालून मोरी काढतात. गोव्यात वर्षाला सुमारे ३ हजार मिलिमीटर पाऊस पडतो. एवढे पाणी गटार बुजलेले असेल तर जाणार कुठे? ते डांबराखाली शिरते, खडी सैल करते, आणि मग पहिली जड गाडी तिथे खड्डा पाडते. मोरी बुजली तर त्याहून वाईट. शेतापेक्षा उंच रस्ता हा बांधच झाला. एका अंगाला पाणी तुंबते आणि लावलेली रोपे त्यात कुजतात. अशा वेळी शेतकरी पावसाला बोल लावतो, पण पाऊस नेहमीचाच होता. मे महिन्यात मोरी साफ झाली नव्हती, हे नुकसानीचे खरे कारण असते.

मासळी विकणाऱ्या भगिनींची गोष्ट निराळी नाही. बाजारात बसणाऱ्याकडून सोपो घेतात. सोपो भरल्याने ती जागा कोणाच्या मालकीची होत नाही, हे कबूल. परंतु जिच्याकडून सकाळी पैसे घेतले, तिलाच दुपारी "तू बेकायदेशीर" म्हणून उठवणे हा कुठला न्याय? या प्रश्नाला २०१४ साली संसदेने उत्तर दिलेले आहे. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा तो कायदा शहरी भागाला लागू आहे. तो सांगतो की विक्रेत्यांची पाहणी पूर्ण होऊन त्यांना प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही उठवता येत नाही. पुढे हलवायचे झाले तरी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. माल जप्त केला तर त्याची यादी विक्रेत्याच्या हाती दिली पाहिजे. आणि माल नाशवंत असेल तर मागणी केल्याच्या दिवशीच तो परत केला पाहिजे. मासळीहून नाशवंत ते काय? या कायद्याखालच्या नगर पथविक्रेता समितीत निदान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनीच निवडलेले असावे लागतात आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. तुमच्या शहरात ही समिती आहे का? तिची बैठक शेवटी कधी झाली? विचारा. हे विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे.

यावर पालिकेचे ठरलेले उत्तर येते, "पैसा नाही." या उत्तराचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच लावलेला आहे. माळव्यातील रतलाम शहरात एका वस्तीतील लोक उघड्या गटारांच्या घाणीने त्रासले होते. त्यांनी दंडाधिकाऱ्याकडे दाद मागितली. दंडाधिकाऱ्याने पालिकेला बंदोबस्त करण्याचा हुकूम दिला. पालिका भांडत भांडत दिल्लीपर्यंत गेली आणि तिजोरी रिकामी असल्याचे गाऱ्हाणे तिने मांडले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते मानले नाही. पैशाची अडचण सांगून पालिकेला आपले मूळ कर्तव्य टाळता येत नाही, असा निवाडा झाला. ज्या कलमाखाली ते लोक गेले, ते फौजदारी प्रक्रिया संहितेचे १३३ वे कलम होते. जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली असून तिच्यात तेच कलम १५२ वे आहे. सार्वजनिक वाटेवरील उपद्रव दूर करवून घेण्याचा हा मार्ग आजही खुला आहे.

पण बांधवांनो, दुसऱ्याला नियम वाचून दाखवणाऱ्याने आपले पानही उलटून पाहावे. पॉवर टिलर शेतात चिखलणीला उतरवताना त्याला लोखंडी जाळीची चाके लावतो. तीच चाके तशीच ठेवून आपण डांबरावरून घरी येतो, तेव्हा रस्ता कोण फाडतो? मासळीच्या गाडीतून बर्फाचे खारट पाणी वळणावर सांडते आणि मागून येणारा दुचाकीवाला घसरतो. तो कदाचित आपल्याच वाड्यावरचा असतो. शेताचा बांध एक हात पुढे सरकवून गटार गिळणारेही आपल्यातच आहेत. वाहत्या रस्त्यावर भात वाळत घालणे सोयीचे खरे, पण अंधारात त्याच्याभोवती मांडलेले दगड जिवावर बेततात. सार्वजनिक वाट अडवून धोका निर्माण करणाऱ्याला पूर्वी २०० रुपयांपर्यंत दंड होता. २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या २८५ व्या कलमाने तो ५,००० रुपयांपर्यंत गेला आहे. दंडाच्या भीतीने नव्हे, तर आपली मागणी स्वच्छ हातांनी करता यावी म्हणून हे दोष आपण आधी काढू या.

मग करावे काय? पहिले, रस्ता कोणाचा ते ठरवा. राष्ट्रीय महामार्ग, सार्वजनिक बांधकाम खाते, नगरपालिका आणि पंचायत असे चार धनी संभवतात, आणि चौघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. उत्तर लेखी घ्या. दुसरे, माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करा. हा कायदा २००५ सालचा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. कामाचा आदेश, मापवही आणि ठेकेदाराशी झालेल्या कराराची प्रत मागा. नवा रस्ता ठरावीक मुदतीत बिघडल्यास ठेकेदाराने तो स्वखर्चाने दुरुस्त करावा, अशी अट करारात बहुधा असते. ती मुदत संपण्याआधी तक्रार गेली पाहिजे. तिसरे, मोरीची तक्रार एप्रिलात करा, जुलैत नव्हे. अर्जाच्या प्रतीवर शिक्का व तारीख घेतल्याशिवाय परतू नका. चौथे, सोप्याची पावती दर वेळी मागा आणि जपून ठेवा. पावती न देता घेतलेला पैसा पालिकेच्या तिजोरीत पोचला की नाही, हे सांगता येत नाही. शिवाय तुम्ही त्या जागी किती वर्षे बसता, याचा तोच कागद पुरावा होईल. पाचवे, पंचायत हद्दीत असाल तर ग्रामसभेला जा आणि रस्त्याचा विषय इतिवृत्तात लिहून घ्या. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने रस्ते, मोऱ्या, पूल, फेरी आणि जलमार्ग हे पंचायतींकडे सोपवायच्या विषयांत घातलेले आहेत. ग्रामसभेत न बोलणाऱ्याने नंतर तिठ्यावर बोलून काय उपयोग?

एकेकटे गेलात तर खिडकीवरचा कारकून "उद्या या" म्हणेल. दहा जण सह्या करून गेलात तर तो कागद नोंदवहीत चढवील. शेताचे पाणी आणि बाजारातली जागा या दोन्ही गोष्टी एकाच कायद्याच्या पुस्तकात आहेत, तेव्हा नांगर धरणारा हात आणि पाटी उचलणारा हात यांनी एकाच अर्जावर सही करायला हरकत कसली? येत्या पावसाआधी आपल्या वाड्यावरच्या मोऱ्या मोजा, बुजलेल्यांची यादी करा, आणि ती सोप्याच्या पावत्यांसह पालिकेच्या टेबलावर ठेवा. मग तिला विचारा, आम्ही आमचा अर्धा नियम पाळतो, तुम्ही तुमचा कधी पाळणार?