सरकारी जमीन, बंद फाटक

२०२३ च्या मे महिन्यात न्यूयॉर्क राज्यातल्या ओक हिल मैदानावर पीजीए चॅम्पियनशिपचा शेवटचा दिवस चालू होता. मायकेल ब्लॉक नावाच्या ४६ वर्षांच्या गृहस्थाने पंधराव्या होलवर चेंडू मारला आणि तो हिरवळीवर टप्पाही न घेता थेट खळग्यात गेला. सोबत खेळत होता रोरी मॅकिलरॉय. चेंडू खरोखरच आत गेला का, हे ब्लॉकला त्यालाच विचारावे लागले. ब्लॉक हा जगभर फिरून कोट्यवधी कमावणारा खेळाडू नव्हे. कॅलिफोर्नियातल्या एका सर्वांसाठी खुल्या मैदानावर तो लोकांना गोल्फ शिकवतो, तिथला कारभार बघतो. त्या स्पर्धेत तो संयुक्त पंधरावा आला. पुरुषांच्या व्यावसायिक गोल्फमध्ये ज्या चार स्पर्धांना ‘मेजर’ म्हणतात त्यांतल्या या एकीत १५६ पैकी २० जागा अशा शिकवणाऱ्या मंडळींसाठी राखून ठेवलेल्या असतात, म्हणून तो तिथवर पोचला होता. हे राखीवपण कोणाची कृपा नाही, तो स्पर्धेचा नियम आहे. माझा मुद्दा या नियमापाशीच सुरू होतो. गोल्फचे फाटक जिथे जिथे उघडले, तिथे ते मालकाच्या मनाच्या मोठेपणामुळे उघडले नाही. कोणीतरी अट घातली आणि ती पाळायला लावली, म्हणून उघडले. महाराष्ट्रात अशी अट घालण्याचा अधिकार सरकारच्या हातात आहे आणि तो वापरला गेला पाहिजे.

भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यातल्या आसगावच्या चौकात हे कोणी सांगू लागला तर ‘आपल्याले का करा लागते?’ असेच उत्तर मिळेल, आणि ते उत्तर मूर्खपणाचे नाही. चौरास भागातल्या या गावाची चिंता धान, धानाला मिळणारा भाव आणि कालव्याचे पाणी ही आहे. गोल्फ हा तिथे टीव्हीवरही कोणी लावून बसत नाही. पण अठरा होलांच्या एका मैदानाला शंभर-दीडशे एकर जमीन लागते आणि उन्हाळाभर हिरवे राहील इतके पाणी लागते. जमीन आणि पाणी या दोन गोष्टींबद्दल आसगावकरांना मत असू नये, असे कोण म्हणेल? गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. तेव्हापासून वैनगंगेच्या काठच्या गावांनी ‘सार्वजनिक हित’ हा शब्द कागदावर कसा लिहिला जातो आणि प्रत्यक्षात तो कोणाच्या वाट्याला येतो, हे जवळून पाहिले आहे. आता त्या जलाशयावर जलपर्यटनाची योजना सरकारने हाती घेतली आहे. जिथे जलाशय, बोटी आणि रिसॉर्ट येतात, तिथे आज ना उद्या ‘गोल्फसाठी आदर्श जागा’ असे म्हणणारा कोणीतरी नकाशा घेऊन येतोच. तेव्हा घाईने हो किंवा नाही म्हणण्यापेक्षा आत्ताच विचार केलेला बरा.

पीजीए चॅम्पियनशिपचा इतिहास या विचाराला फार उपयोगी पडतो, कारण तो मुळात सोवळ्याचा इतिहास आहे. १९१६ मध्ये सुरू झालेल्या या स्पर्धेच्या आयोजक संस्थेने १९३४ मध्ये आपल्या घटनेत एक कलम घातले: सभासदत्व फक्त गोऱ्यांना. चार्ली सिफर्डसारखे कृष्णवर्णीय व्यावसायिक बाहेर तिष्ठत राहिले. ही संस्था काही खासगी मित्रमंडळ नव्हती. देशातल्या मोठ्या स्पर्धांची दारे तिच्या सभासदत्वातून उघडत. कलम हटवण्याचे आवाहन अनेकांनी केले, काहींनी खटलेही भरले. संस्थेने आश्वासने दिली आणि कलम तसेच ठेवले. मग कॅलिफोर्नियाचे ॲटर्नी जनरल स्टॅन्ली मॉस्क यांनी साधा हिशोब मांडला. १९६२ ची पीजीए चॅम्पियनशिप लॉस एंजलिसमध्ये व्हायची होती. मॉस्क यांनी कळवले की भेदभाव करणाऱ्या संस्थेला या राज्यातल्या सार्वजनिक मैदानांवर खेळता येणार नाही. खासगी मैदानावर जाऊ, असे उत्तर आले, तेव्हा तिथेही आडवे येऊ असे त्यांनी सांगितले. संस्थेने त्या वर्षीची स्पर्धा उचलून पेनसिल्व्हेनियातल्या ॲरोनिमिंकला नेली. पण इतर राज्येही हाच मार्ग धरतील हे दिसताच नोव्हेंबर १९६१ मध्ये ते कलम काढून टाकले. सत्तावीस वर्षांच्या विनवण्यांनी जे झाले नाही, ते मैदान नाकारल्यावर काही महिन्यांत झाले.

हा अपवाद होता असे कोणाला वाटत असेल तर १९९० चे उदाहरण घ्या. त्या वर्षी हीच स्पर्धा अलाबामातल्या शोल क्रीक क्लबवर होती. आमच्या क्लबात कृष्णवर्णीय सभासद नाहीत आणि आम्ही घेणारही नाही, अशा अर्थाचे क्लबच्या संस्थापकाचे बोलणे वर्तमानपत्रात आले. नैतिक संताप भरपूर व्यक्त झाला, पण क्लब हलला तो आयबीएम आणि टोयोटासारख्या कंपन्यांनी प्रक्षेपणातल्या जाहिराती मागे घेतल्यावर. स्पर्धेआधी काही दिवस एका कृष्णवर्णीय उद्योजकाला मानद सभासद करून घेण्यात आले. त्यानंतर यजमान क्लबांच्या सभासदत्वाबद्दल नियम कडक झाले. आधी जमीन अडवली गेली, पुढच्या खेपेला पैसा. दोन्ही वेळा फाटक बाहेरूनच उघडावे लागले.

याच स्पर्धेने पुढे दुसरी बाजूही दाखवली. २०१९ ची पीजीए चॅम्पियनशिप बेथपेज ब्लॅक या मैदानावर झाली. हे न्यूयॉर्क राज्याच्या मालकीचे उद्यान आहे. १९३० च्या दशकातल्या मंदीत, बेकारांच्या हाताला काम द्यायचे म्हणून सरकारने ते बांधून घेतले. आपल्या रोजगार हमीवर तळी खोदली गेली, रस्ते झाले, बंधारे झाले. तिथे त्याच धर्तीवर गोल्फचे मैदानही झाले. आजही तिथे सकाळची वेळ मिळवण्यासाठी लोक रात्री गाड्या लावून वाहनतळावरच झोपतात, आणि राज्याच्या रहिवाशाला बाहेरच्यापेक्षा कमी पैसे पडतात. पहिल्या होलच्या सुरुवातीपाशी पाटी आहे: मैदान अत्यंत अवघड आहे, निष्णात खेळाडूंनीच यावे. पाटी येणाऱ्याचे कसब विचारते, सभासदत्व नाही. २०२० ची स्पर्धा सॅन फ्रान्सिस्को शहराच्या मालकीच्या हार्डिंग पार्कवर झाली. १९९८ मध्ये शेजारच्या क्लबवर यूएस ओपन भरली, तेव्हा या बिचाऱ्या मैदानाचा वापर गाड्या उभ्या करण्यासाठी झाला होता. मग शहराने पैसे घालून ते दुरुस्त केले आणि बावीस वर्षांनी तिथे मेजर खेळली गेली. नगरपालिकेची मालमत्ता म्हणजे दुर्लक्षित राहणार, हे आपण गृहीतच धरतो. ते तिथेही जवळजवळ खरे ठरले होते.

आता आपल्याकडे बघू. पुरुषांच्या मेजर स्पर्धांमध्ये भारतीयांची सर्वांत ठळक कामगिरी तिघांच्या नावावर आहे. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी २०१५ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये संयुक्त पाचवा आला. शुभंकर शर्मा २०२३ च्या ब्रिटनमधल्या ओपनमध्ये संयुक्त आठवा आणि जीव मिल्खासिंग २००८ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये संयुक्त नववा. लाहिरी आणि शर्मा दोघेही लष्करी अधिकाऱ्यांची मुले. जीवचे वडील धावपटू मिल्खासिंग. म्हणजे ज्यांना मैदानात पाऊल टाकायला कोणाची परवानगी मागावी लागली नाही, त्यांच्यातूनच आपले उत्तम खेळाडू निघाले. यात त्यांचे कर्तृत्व कमी होत नाही; त्यांनी घाम गाळलाच. पण लष्कराची मैदाने म्हणजे सरकारी जमीन, आणि तिने एका लहानशा वर्तुळातल्या मुलांना संधी दिली तर एवढे झाले, ही गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. नागपूरकरांना कामठीच्या छावणीतले मैदान ठाऊक असते. त्याच्या कुंपणाबाहेरच्या किती मुलांनी हातात काठी धरून पाहिली असेल?

वर्तुळाबाहेरच्या मुलांना हा खेळ जमत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी म्हणून पिशव्या वाहणारा अली शेर १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक ठरला आणि १९९३ मध्ये पुन्हा जिंकला. कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबवर हिरवळ राखणाऱ्या माळ्याचा मुलगा शिवशंकर प्रसाद चौरसिया युरोपियन टूरवर चार स्पर्धा जिंकला, त्यांत २०१६ आणि २०१७ ची इंडियन ओपन. ही उदाहरणे सांगून काही जण म्हणतात, बघा, गुणी माणूस वर येतोच. मला यातून उलटेच दिसते. ही दोन्ही मुले आत होती. एक कामाला होता, दुसऱ्याचा बाप कामाला होता. खेळायचे दार नव्हते, मजुरीचे होते, म्हणून मैदान त्यांच्या पायाखाली आले. ज्याला पिशवी वाहण्याचेही काम मिळाले नाही, त्याच्या गुणांची नोंद कोण ठेवणार?

क्लबांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. ते म्हणतात, देखभालीचा खर्च सभासद करतात, झाडे आम्ही जपतो, आणि आम्ही नसतो तर या जागेवर इमारती उभ्या राहिल्या असत्या. यातली शेवटची भीती मुंबईत राहणाऱ्या कोणालाही पटेल. सभासदांच्या स्वतःच्या जमिनीवरचा क्लब असेल तर माझे काहीच म्हणणे नाही. त्यांनी खुशाल आपापसात खेळावे. पण जमीन सरकारची, भाडेपट्टा बाजारभावाच्या तुलनेत नाममात्र, आणि प्रवेश मात्र सभासदांच्या शिफारशीने, हा व्यवहार टिकवून ठेवण्याचे कारण काय? भाडेपट्टा संपतो तो क्षण सरकारच्या हातातला असतो. महालक्ष्मी रेसकोर्सच्या बाबतीत २०२४ मध्ये राज्य सरकारने तो वापरला: २११ एकरांपैकी १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे आले, उरलेली जागा क्लबकडे राहिली. त्या निर्णयावर शंका घेणारे बरेच होते आणि उद्यान खरोखर उद्यानच राहते का, यावर डोळा ठेवावाच लागेल. पण भाडेपट्टा म्हणजे देवाची करणी नव्हे, एवढे तरी त्यातून सिद्ध झाले. सरकारने स्वतः मैदान चालवणेही अशक्य नाही. दिल्ली विकास प्राधिकरणाने कुतुब गोल्फ कोर्स लोकांसाठी उघडला. आपल्याकडे सिडकोने खारघरच्या डोंगरांमध्ये मैदान उभारले, तिथे पैसे भरून कोणालाही खेळता येते. ते पैसे शेतमजुराच्या पोराला परवडतील, असे मी म्हणणार नाही. म्हणून दार उघडे असण्याबरोबर शाळांच्या मुलांसाठी वेळ राखून ठेवणेही अटीत लागते.

सर्वांत वजनदार आक्षेप पाण्याचा आहे. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला लावले होते. क्रिकेटची ती गत, तर गोल्फ कुठे बसतो? या आक्षेपाला माझे उत्तर अर्धे होकाराचे आहे. धानाच्या बांधीवर गोल्फचे मैदान करू देऊ नये, आणि कालव्याच्या पाण्याचा एक थेंबही त्याला देऊ नये, यात तडजोड नको. पण हा खेळ जन्माला आला तो स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर, जिथे वाळूमुळे पीक येत नव्हते आणि मेंढ्या चरत होत्या. २०१५ ची यूएस ओपन ज्या चेंबर्स बे मैदानावर झाली, ते वॉशिंग्टन राज्यातल्या एका काउंटीने जुन्या वाळू-खडीच्या खाणीवर उभारले. भंडारा जिल्ह्यातच तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्गला मॉइलची मँगनीजची उघडी खाण आहे. खाणींचे आयुष्य संपते, मातीचे ढिगारे मागे राहतात आणि त्यांचे काय करायचे हा प्रश्न कोणाला तरी पडतोच. आणि पाणी हवेच असेल तर ते नागपूरकडून मागा. त्या शहराचे सांडपाणी नाग नदीतून, कन्हानमार्गे वैनगंगेत येऊन गोसीखुर्दच्या जलाशयात साचते, याची तक्रार पवनीकर वर्षानुवर्षे करत आले आहेत. ते शुद्ध करून हिरवळीवर फवारले तर निदान नदीवर उपकार होतील.

राहिला शेवटचा आक्षेप: तालुक्याच्या शाळांना धड कबड्डीचे मैदान नाही, धावायला ट्रॅक नाही, आणि तुम्ही गोल्फचे काय घेऊन बसलात? बरोबर आहे. गोल्फसाठी सरकारने तिजोरीतून नवा पैसा काढावा, असे मी कुठेच म्हटलेले नाही. कबड्डीचे मैदान आधी, हे मलाही मान्य. पण गोल्फची मैदाने आधीच आहेत आणि पर्यटनाच्या नावाखाली आणखी होतील. त्यांना दिलेली जमीन ही शाळेच्या मैदानासाठी न दिलेली जमीन असते. मग त्या जमिनीच्या बदल्यात काही मागायचे नाही, हा कुठला न्याय?

म्हणून मागणी अगदी कोरडी, कागदी आहे. राज्यात जिथे गोल्फचे मैदान सरकारी जमिनीवर आहे, तिथे भाडेपट्ट्याच्या पुढच्या नूतनीकरणात आठवड्यातल्या ठरावीक सकाळी परिसरातल्या शाळांसाठी राखलेल्या असाव्यात, साहित्य क्लबने द्यावे, कॅडींना आणि गवत कापणाऱ्यांना खेळण्याचा हक्क असावा, आणि अट मोडली तर पट्टा रद्द व्हावा. गोसीखुर्दच्या काठावर असा प्रस्ताव कधी आला, तर आसगावसारख्या गावांच्या ग्रामसभांनी चित्रे आणि नकाशे बाजूला सारून आधी करारनामा मागावा, तो मराठीत मागावा, आणि जमीन कोणती, पाणी कुठले, आत कोण जाऊ शकेल, या तीन प्रश्नांची उत्तरे त्यात लिहिलेली नसतील तर ठराव देऊ नये.