मुलांना कविता कोणती द्यावी?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याचा आनंद ग्वाल्हेरकर मराठी मंडळींनाही झाला. परंतु आमची मुले शाळेत शिकतात हिंदी-इंग्रजीतून. मराठी त्यांच्या कानी पडते ती स्वयंपाकघरात नि देवघरात. अशा मुलांना मराठी शिकवू पाहणाऱ्याने कविता कोणती निवडावी, हा प्रश्न दर्जाहून निकडीचा आहे.

बहुधा निवडली जाते ती बोधपर कविता. तिचा अर्थ शेवटी आयता हाती येतो. मुलाला विचारण्याजोगे काही उरत नाही. उलट बालकवींची ‘औदुंबर’ घ्या. अवघ्या आठ ओळी. गाव, वाटा, पाणी, झाड हे सारे मुलाला कागदावर काढता येईल. चित्र पुरे झाले की तेच विचारील, हे झाड माणसासारखे का वागते? यावर समीक्षकांचेही एकमत नाही. गुरुजींनी तसे मोकळेपणी सांगावे, उत्तर फळ्यावर लिहून देऊ नये. (परीक्षा नसलेल्या वर्गाला एवढी चैन परवडते!)

आणि आपले राजकवी भा. रा. तांबे? ते १९४१ साली याच शहरात निवर्तले. त्यांची मृत्यूविषयक कविताही लताबाईंच्या आवाजात घरोघरी पोचली आहे. तेव्हा वर्गात ती न गाता सावकाश वाचावी. चाल बाजूला झाली म्हणजे शब्द कानी पडतात. ‘हे मुलांना झेपणार नाही’ असे पालक म्हणतील. पण आजोबांच्या तसबिरीला हार चढलेला त्या मुलांनी पाहिलेला असतोच.